राजेपणातला हिस्सा

वऱ्हाडातल्या मुसलमानाने निजामाविषयी का लिहावे, असे कुणी विचारील. हैदराबाद आमच्यापासून दूर. निजामाचा प्रत्यक्ष कारभार आमच्या आजोबांनीसुद्धा पाहिलेला नाही. सतरा सप्टेंबरचा मुक्तिदिन साजरा होतो तो पैनगंगेच्या पलीकडे, मराठवाड्यात. अमरावती-अकोल्यात त्या दिवशी शाळा नेहमीसारखी भरते. तरी निजामाचे नाव आमच्याकडे येतेच. कधी ते शिवी म्हणून येते, कधी अभिमान म्हणून. शिवी देणारा आणि अभिमान बाळगणारा, दोघेही एकच गोष्ट गृहीत धरून चाललेले असतात, की निजाम हा आमचा राजा होता. हे गृहीतक तपासून पाहावे एवढ्यासाठी हा लेख.

आधी थोडा इतिहास, कारण तो आमच्या जिल्ह्यांतलाच आहे आणि आमच्याच मुलांना ठाऊक नाही. आसफजाही घराण्याची पायाभरणी हैदराबादेत झाली नाही, ती वऱ्हाडात झाली. 1720 साली अकोल्याजवळच्या बाळापूरला निजामुल्मुल्कने सय्यद बंधूंचा पुतण्या आलम अली खान याचा पराभव केला. 1724 साली आजच्या बुलढाणा जिल्ह्यात, साखरखेर्ड्याला, मुबारिझ खान पडला आणि दख्खन निजामुल्मुल्कच्या हाती आली. विजयाची खूण म्हणून त्या गावाचे नाव फतेहखेर्डा ठेवले होते. पुढे वऱ्हाडावर निजाम आणि नागपूरकर भोसले अशी दुअमली चालली. 1803 साली अडगाव आणि गाविलगडच्या लढाया झाल्या, भोसल्यांचा हक्क गेला, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख एकट्या निजामाचा झाला. आणि मग पन्नास वर्षांतच तो हातचा गेला.

गेला तो तलवारीने नव्हे, कर्जाने. हैदराबाद कंटिंजंट नावाची इंग्रज अधिकाऱ्यांची फौज निजामाच्या खर्चाने पोसली जात होती. तो खर्च थकला. वऱ्हाडचा महसूल सावकारांना मक्त्याने देऊन पैसा उभा करण्याचे उद्योग झाले. त्यात कुणब्याचे काय झाले असेल ते निराळे सांगायला नको. शेवटी 1853 मध्ये डलहौसीच्या काळात तह झाला आणि वऱ्हाड कंपनी सरकारकडे सोपवले गेले. 1860 मध्ये रायचूर आणि धाराशिवकडचा भाग परत मिळाला, वऱ्हाड मिळाले नाही. त्यानंतर रेल्वे आली, अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, अकोला-अमरावतीच्या बाजारपेठा फुगल्या. सालारजंग पहिला याने वऱ्हाड परत मिळवण्यासाठी जंग जंग पछाडले, उपयोग झाला नाही. 1902 मध्ये कर्झनने सालाना 25 लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेऊन टाकले आणि पुढच्या वर्षी ते मध्य प्रांताला जोडले.

म्हणजे आमचा प्रदेश मालकीने निजामाचा आणि वहिवाटीने इंग्रजांचा होता. शेत एकाच्या नावावर आणि पेरणारा भलताच, ही गोष्ट वऱ्हाडी माणसाला नवीन नाही. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान 1911 साली गादीवर आले. या सातबाऱ्यावरच्या नावाचा त्यांना फार लळा होता. 1936 च्या कराराने इंग्रजांनी त्यांची हौस पुरवली. किताब मिळाला ‘निजाम ऑफ हैदराबाद अँड बेरार’ आणि थोरले चिरंजीव आज़मजाह झाले ‘प्रिन्स ऑफ बेरार’. त्यांच्या बेगम दुर्रेशहवार या तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची मुलगी, त्या ‘प्रिन्सेस ऑफ बेरार’. वऱ्हाडचे युवराज आणि वऱ्हाडची युवराज्ञी, आणि वऱ्हाडात त्यांचा हुकूम चपराशावरही चालत नव्हता!

या किताबाच्या आधीचा एक प्रसंग मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या मते उस्मान अली खानांच्या साऱ्या कारकिर्दीची किल्ली तिथे आहे. 1923 साली त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगकडे वऱ्हाड परत मागितले. ते देताना वऱ्हाडी जनतेचे काय, हा प्रश्न येणार हे ओळखून त्यांनी जाहीर वचन दिले, की वऱ्हाड आमच्या छत्राखाली आले तर तेथील लोकांना जबाबदार राज्यपद्धती देऊ, अंतर्गत कारभार लोकांच्याच हाती राहील. 1926 मध्ये रीडिंगने त्यांना सडेतोड उत्तर पाठवले, सार्वभौम सत्ता कुणाची ते सुनावले, आणि प्रकरण मिटले. वऱ्हाडातही या मागणीला विरोध झाला होता.

विरोध का झाला असेल? त्या वेळी अकोल्याचा माणूस, मूठभरांपुरता का होईना, मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदे कौन्सिलासाठी मत देत होता. पैनगंगा ओलांडली की तीच भाषा, तीच ज्वारी, तेच सोयरे. पण तिथे सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी काढावी लागे. मराठवाड्यातले जुने लोक ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ हे शब्द अजून विसरलेले नाहीत. मोहर्रम असो की गणपती, व्याख्यान असो की वाचनालय, कारकुनाच्या सहीवाचून काही चालत नसे. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. ज्या राजाने वऱ्हाडला स्वराज्य देऊ केले त्याने परभणीला सभेची मोकळीक दिली नाही. वऱ्हाडला देऊ केले, कारण वऱ्हाड हातात नव्हते. हातात नसलेल्या माणसालाच हक्क देऊ करायचा आणि हातातल्याला खैरात, हा राजेशाहीचा स्वभाव आहे. तो एकट्या उस्मान अली खानांचा नव्हे, पण त्यांचाही होताच.

खैरात मात्र मोठी होती, आणि ती नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. उस्मानिया विद्यापीठाचे नाव घेताना आमचा आवाज आपोआप मऊ होतो. 1918 साली, जेव्हा हिंदुस्थानात वरचे शिक्षण म्हणजे इंग्रजी असे समीकरण होते, तेव्हा एका देशी भाषेतून पदवीपर्यंतचे शिक्षण देणारे विद्यापीठ उभे राहिले. त्यासाठी दारुत्तर्जुमा, म्हणजे भाषांतर विभाग, निघाला. बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक यांच्यासारखी माणसे तिथे राबली. पदार्थविज्ञान, गणित, कायदा, वैद्यक उर्दूत आले. आज आम्ही फळ्यावर गणिताची आणि विज्ञानाची जी उर्दू परिभाषा लिहितो तिच्यामागे त्या मेहनतीचा मोठा वाटा आहे. 1908 च्या मुसी नदीच्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावण्यात आले आणि उस्मानसागर, हिमायतसागर हे तलाव झाले. अजिंठ्याची चित्रे खराब होत चालली होती, ती सांभाळण्यासाठी इटलीहून कारागीर आणले गेले, गुलाम यझदानींसारखा विद्वान पुरातत्त्व खात्यावर होता. बनारसच्या हिंदू विद्यापीठाला पैसा गेला, अलीगढला गेला, पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताच्या कामासाठी गेला. दरबारात महाराजा किशन प्रसाद दोन वेळा पंतप्रधान होते. हे सगळे खरे आहे. पाठ्यपुस्तकात हे नसते, म्हणून आमच्यातल्या काहींना ते आवेशाने सांगावेसे वाटते, तेही समजण्यासारखे आहे.

पण उस्मानियाकडेच जरा निरखून पाहा. राज्यातली निम्म्याच्या आसपास माणसे तेलुगू बोलणारी, चौथा हिस्सा मराठी, त्याखालोखाल कन्नड आणि उर्दू. देशी भाषेचा एवढा कैवार घेणाऱ्या राज्याला या तीन देशी भाषा दिसल्या नाहीत. मातृभाषेतून शिकवावे हे तत्त्व फार थोर. आम्ही रोज ते उर्दूसाठी मांडतो, सरकारदरबारी मांडतो, शाळांची पदे भरत नाहीत म्हणून ओरडतो. मग वसमतच्या मराठी पोराचा तोच हक्क आम्हाला कसा नाकारता येईल? 1938 मध्ये उस्मानियातल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात वंदे मातरम म्हटले म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांना जागा दिली ती नागपूर विद्यापीठाने. त्या विद्यार्थ्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. त्याच उस्मानियाने मख्दूम मोहिउद्दीनसारखा शायरही दिला, जो लाल झेंडा घेऊन निजामाच्याच विरुद्ध उभा राहिला. विद्यापीठ काढणाऱ्याच्या मनात काय होते आणि विद्यापीठातून काय निघाले, हे दोन निराळे हिशेब आहेत.

आणि पैसा कुणाचा? ‘सर्फेखास’ म्हणजे निजामाची खाजगी मिळकत. राज्याचा सुमारे दहावा हिस्सा त्यात होता. त्याखेरीज जहागिरी. 1937 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या ‘टाइम’ने जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले, ती श्रीमंती आभाळातून पडलेली नव्हती. ती रयतेच्या जमिनीतून आली, आणि त्या रयतेत हिंदू कुणबी होता तसा मुसलमान मोमीनही होता. तेलंगणातले बडे देशमुख बहुतेक हिंदूच होते. गरिबाला राज्य कुणाचे हे कळण्याइतकी फुरसतच नसते.

आमच्या वर्गातली एक गोष्ट सांगतो. आठवीतला एक मुलगा, बाप जिनात हमाली करणारा, गावातल्या कुठल्याशा क्रिकेट सामन्यात भांडण होऊन आला होता. समोरच्या पोरांनी त्याला ‘रझाकार की औलाद’ म्हटले. त्याने दुसऱ्या दिवशी तासाला विचारले, “सर, रझाकार कौन थे? अपने लोग थे क्या?” वर्ग गप्प. आम्ही इतिहास शिकवत नव्हतो, भाषेचा तास होता. पण ते तसेच सोडून पुढे जाणे बरे नव्हते. आम्ही त्यालाच उलट विचारले, की तुझे पणजोबा 1948 साली कुठे होते? तो म्हणाला, अकोल्यातच. मग अकोला तेव्हा कुठे होते? कुणालाच ठाऊक नव्हते. अकोला तेव्हा स्वतंत्र भारतात होते, मध्य प्रांत-वऱ्हाडात. रझाकारांच्या भीतीने मराठवाड्यातली कुटुंबे घरेदारे सोडून सरहद्दीच्या अलीकडे, उमरखेडच्या बाजूला, वऱ्हाडात आसऱ्याला आली होती. म्हणजे या मुलाच्या पणजोबाचा मुलूख आसरा देणारा होता. शिवी इतिहास विचारून दिली जात नाही, हे खरे. पण शिवी खाणाऱ्याला तरी तो ठाऊक असावा.

“अपने लोग थे क्या” या प्रश्नाचे उत्तर मात्र एवढ्याने संपत नाही.

मजलिसे इत्तेहादुल मुस्लिमीन 1927 साली निघाली. बहादूर यार जंग यांच्या काळात तिथे एक विचार रुजला, ‘अनलमलिक’. अर्थ असा, की हैदराबादेत राजा म्हणजे एकटा निजाम नव्हे. प्रत्येक मुसलमान हा सत्तेचा भागीदार, निजाम त्या सत्तेची केवळ खूण. ऐकायला हा विचार थेट लोकशाहीसारखा वाटतो. प्रत्यक्षात तो भयंकर होता. धाराशिवच्या विणकराला, बीडच्या टांगेवाल्याला, नांदेडच्या भिश्त्याला सांगितले गेले, की तू राजा आहेस. त्याला जमीन मिळाली नाही, शाळा मिळाली नाही, सर्फेखासातली दमडी मिळाली नाही. फक्त एक शब्द मिळाला आणि शेजाऱ्याकडे पाहण्याची एक नजर मिळाली. शेजारी हिंदू, मग तो देशमुख असो की मांग, तो रयत. आणि हा उपाशी असला तरी मालिक. कासीम रझवी हा लातूरचा वकील पुढे आला तेव्हा या शब्दाला गणवेश चढला, हातात बंदूक आली. 1948 च्या मे महिन्यात बीदरकडच्या गोरटा गावात जे घडले त्याचे समर्थन कुठल्याही मुसलमानाने कुठल्याही भाषेत करू नये. गावे जळाली, माणसे मारली गेली, बायकांची अब्रू गेली. रझाकारांत सगळेच मुसलमान होते आणि सगळे मुसलमान रझाकार नव्हते, ही दोन्ही वाक्ये एका दमात म्हणण्याची सवय आम्हाला लावून घ्यावी लागेल. आमच्यातले बरेच जण दुसरे वाक्यच तेवढे म्हणतात.

तेरा सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा शिरल्या, सतराला निजाम शरण आले. त्यानंतरचे महिने मराठवाड्यातल्या मुसलमानांच्या घरांत ‘पोलीस अ‍ॅक्शन’ या दोन इंग्रजी शब्दांनी ओळखले जातात. परभणी-नांदेडकडच्या आमच्या सोयऱ्यांत म्हाताऱ्या बायका मुलाचे वय सांगताना अजून या दोन शब्दांवरून मोजत असत: अमका पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीचा, तमकी नंतरची. त्यापुढे त्या बोलत नसत. केंद्र सरकारनेच पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीला पाठवले होते. त्यांच्या अहवालाचा अंदाज 27 ते 40 हजार माणसे मारली गेल्याचा आहे, आणि सर्वांत अधिक हानी झालेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावे आहेत. हा अहवाल पासष्ट वर्षे लोकांपासून दूर राहिला, 2013 च्या सुमारास तो वाचायला मिळू लागला. त्यात एक गोष्ट अशीही नोंदलेली आहे, की अनेक ठिकाणी हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले. विशेषतः हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना. माग एकच असला की माणूस ओळखता येतो.

आता राजेपणाचा हिस्सा कसा वाटला गेला ते पाहा. ज्यांना राजेपण खरोखर भोगायला मिळाले होते त्यांचे काय झाले? निजाम उस्मान अली खान रेडिओवरून रझाकारांवर सारा दोष टाकून मोकळे झाले. 1950 मध्ये ते हैदराबादचे राजप्रमुख झाले आणि 1956 मध्ये राज्याची वाटणी होईपर्यंत राहिले. सालाना 50 लाखांचा तनखा ठरला. पंतप्रधान लायक अली 1950 मध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात गेले. कासीम रझवी शिक्षा भोगून 1957 मध्ये सुटले आणि तेही कराचीला गेले. ज्याला राजेपणातला फक्त शब्द मिळाला होता त्या विणकराला, भिश्त्याला मात्र शिक्षेतला पुरा हिस्सा मिळाला. मालकीत त्याचे नाव नव्हते, दंडाच्या पावतीवर होते. रझाकारांत सामील असलेल्यांबरोबर नसलेलेही गेले. उस्मान अली खानांच्या वारशाचा विचार करताना आम्हाला धरणे आणि विद्यापीठे यांच्या आधी ही पावती आठवते.

म्हणून जेव्हा आमच्यातला एखादा तरुण मोबाईलवर निजामाचे छायाचित्र लावतो, खाली ‘हमारी शान’ लिहितो, तेव्हा आम्हाला त्याचा राग येत नाही, त्याच्यासाठी भीती वाटते. तो पुन्हा तोच हिस्सा घ्यायला हात पुढे करतो आहे. 1965 च्या युद्धात निजामाने देशाला पाच हजार किलो सोने दान दिले, अशी एक गोष्ट दरवर्षी फिरते. आमच्या शिक्षकखोलीतही ती वाचून दाखवली गेली आहे. खरी हकीगत अशी, की निजामाने 425 किलो सोने राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोख्यांत गुंतवले, साडेसहा टक्के व्याजाने. लढाईच्या दिवसांत गुंतवले हेही चांगलेच. पण दान निराळे आणि व्याजी ठेव निराळी. खोटी शान उसनी आणली की ती खोटी ठरवायला दुसरा टपलेलाच असतो, आणि मग खरे काम केलेले दारुत्तर्जुमेही त्याच्याबरोबर खोटे ठरते.

पदच्युत राजांची याद मागाहून गोड का होते, याचे उत्तर हैदराबादपुरते नाही. अफगाणिस्तानचा ज़ाहिर शाह 1973 मध्ये गादीवरून गेला, आणि 2002 मध्ये परतला तेव्हा त्याला राष्ट्रपिता म्हटले गेले. मधल्या तीस वर्षांत लोकांनी जे भोगले त्यापुढे त्याची राजवट स्वर्गासारखी भासली. इराणात 1979 मध्ये ज्या घराण्याविरुद्ध लाखो लोक रस्त्यावर आले, त्याच घराण्यातल्या रझाशाहच्या नावाच्या घोषणा 2017-18 च्या आंदोलनांत पुन्हा ऐकू आल्या. जुन्या राजाचे नाव घेऊन लोक नव्या राज्यकर्त्यावरचा राग काढतात. घोषणा देणाऱ्यांपैकी पुष्कळांनी शाहचा तुरुंग पाहिलेला नसतो. आमच्याकडेही तेच आहे. नोकरी नाही, वस्तीत नळ नाही, सच्चर समितीने 2006 मध्ये मांडलेली दशा पुरती बदललेली नाही. अशा वेळी 1967 मधला तो प्रचंड गर्दीचा जनाजा आठवून कुणी म्हणतो, तेव्हा आपले कुणीतरी होते. दुःख खरे आहे. फक्त त्यावरचे औषध चुकीच्या कपाटातले आहे.

मग राजाला मोजायचे कशाने? धर्माचा प्रश्न म्हणून विचारले तरी आमच्यापुढे मापे आहेत आणि ती दरबारातून आलेली नाहीत. हज़रत अबू बक्र (रज़ि.) खलिफा झाल्यावर पहिल्याच खुतब्यात लोकांना म्हणाले, की मी वाकडा चाललो तर मला सरळ करा. हज़रत उमर (रज़ि.) यांना भर सभेत एका माणसाने विचारले, की सगळ्यांच्या वाट्याला एकेक कापड आले, तुमच्या अंगावर इतके कसे? आणि खलिफाने हिशेब दिला. मुलाने आपल्या वाट्याचे कापड दिले होते. या रिवायती आमच्या मदरशातल्या लहान मुलालाही पाठ असतात. ती मुले मोठी झाल्यावर निजामाच्या दागिन्यांची यादी पाठ करतात, हे अजब आहे. त्या रिवायतींत महत्त्वाचे कापड नाही, विचारणारा माणूस महत्त्वाचा आहे. आसफजाही राज्यात तो माणूस कुठे उभा राहू शकला असता? तलाव बांधला की नाही हे विचारायचेच, पण त्याआधी, तलाव का बांधला नाही असे विचारण्याची सोय होती का, हे विचारायचे. कुरआनने न्यायाच्या बाजूने गवाही द्यायला सांगितले आहे, ती स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध, नातलगांविरुद्ध जात असली तरी. निजाम तर आमचे नातलगही नव्हेत.

हेच माप घेऊन 1948 नंतरच्या सरकारलाही मोजावे लागेल, नाहीतर माप खोटे. ज्याने अहवाल मागवला त्यानेच तो पासष्ट वर्षे मिटून ठेवला, तेव्हा विचारणाऱ्याची सोय इथेही झाली नव्हती. मराठवाड्यात मुक्तिसंग्रामाचे जे कार्यक्रम होतात त्यांत स्वामी रामानंद तीर्थांचे नाव घेतले जाते ते योग्यच आहे. पण त्या सप्टेंबरानंतर जे मेले त्यांच्यासाठी एक मिनिट उभे राहण्याची वेळ अजून कुठे आलेली आम्ही ऐकली नाही. मुक्ती खरी होती. आम्ही परभणीत जन्मलो असतो तर आम्हालाही निजामाच्या प्रजेपेक्षा भारताचा नागरिक होणेच पसंत पडले असते. त्या मुक्तीची किंमत कुणी दिली, हे म्हटल्याने ती कमी होत नाही.

दरम्यान काळाने एक गंमत केली आहे. ज्या राजवटीचे नाव पुसायची घाई झाली तिच्याच दफ्तरांपुढे आता रांग लागली आहे. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकालीन मोडी-उर्दू कागद धुंडाळले जाऊ लागले. 2 सप्टेंबर 2025 रोजी महाराष्ट्र सरकारने हैदराबाद गॅझेटियर लागू करण्याचा निर्णय काढला. उर्दू वाचता येणाऱ्यांना एकाएकी किंमत आली. कागद राजाचे म्हणून कुणी फेकून दिले नाहीत, आणि कागद मिळाले म्हणून कुणी राजाला मुजराही केला नाही. जे उपयोगाचे ते घेतले. मराठवाड्यातला साधा माणूस या बाबतीत आमच्या लेखक-विद्वानांपेक्षा शहाणा निघाला म्हणायचे.

राहता राहिले घराणे. थोरल्या मुलाला, म्हणजे आपल्या ‘प्रिन्स ऑफ बेरार’ला, डावलून उस्मान अली खानांनी नातू मुकर्रम जाह यांना वारस केले. ते ऑस्ट्रेलियात मेंढ्या पाळून, पुढे तुर्कस्तानात राहून, 2023 च्या जानेवारीत इस्तंबूलला वारले आणि हैदराबादच्या मक्का मशिदीत दफन झाले. लंडनच्या बँकेत 1948 पासून अडकलेल्या पैशाचा दावा 2019 मध्ये भारत आणि निजामाचे नातू यांच्या बाजूने निकाली निघाला. दहा लाख पौंडांचे साडेतीन कोटी झाले होते. वारशाचा पैसा वारसांकडे गेला. त्यात अकोल्याच्या हमालाचा काही संबंध नव्हता, आणि तो कुणी त्याला विचारायलाही आला नाही.

त्या आठवीच्या मुलाला आम्ही रझाकारांविषयी सांगितले, काही लपवले नाही. ते मुसलमान होते, हेही सांगितले. मग त्याला शोएबुल्ला खान यांच्याविषयी सांगितले. हैदराबादेत ‘इमरोज़’ नावाचे उर्दू दैनिक ते चालवत. रझाकारांना आवरा, भारतात सामील व्हा, असे ते लिहीत. रझाकार बरखास्त करा म्हणणाऱ्या मुसलमान मान्यवरांचे पत्रक त्यांनी छापले. ऑगस्ट 1948 मध्ये, एकविसाच्या रात्री, काम संपवून घरी परतताना त्यांना गाठून मारले. मारण्याआधी, की नंतर, त्यांचा हातही तोडला. तेव्हा ते तिशीच्या आतबाहेर होते, म्हणजे आम्हा शिक्षकांच्याच वयाचे. मुलाने विचारले, “वो भी उर्दू में लिखते थे?” हो म्हटल्यावर त्याने वहीच्या शेवटच्या पानावर नाव लिहून घेतले. ऐन अक्षर चुकवले होते, ते दुरुस्त करून दिले, आणि तास संपल्याची घंटा झाली.